पाण्यात कुठून उतरायचं?

गेल्या महिन्यात आपण मज्झिमनिकायातला तराफ्याचा दृष्टांत पाहिला होता. माणूस तराफ्यावरून नदी पार करतो, आणि पलीकडे पोचल्यावर तोच तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याला शहाणा म्हणाल का, असं बुद्ध भिक्षूंना विचारतो. व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मला विचारलं, "सर, असं डोक्यावर होडी घेऊन चालणारा माणूस तुम्ही खरोखर पाहिलाय का?" मी म्हटलं, पाहिलाय, तो माझा जावई आहे. (हशा) आयोजकांनी तेवढ्यावर आजचा विषय लावून टाकला.

तर आज तत्त्वज्ञान थोडं आणि भूगोल जास्त. तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. उन्हाळ्यात तुम्ही जाता, आणि एखाद्या वर्षी जावई किंवा सून म्हणते, "बाबा, यंदा कनूने जंगलात जाऊ, चार रात्री." त्या वेळी काय विचारायचं, ते मी आज सांगणार आहे. मी ते विचारलं नव्हतं.

आधी जागा समजून घेऊ. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, बाउंडरी वॉटर्स नावाचं राखीव अरण्य आहे. दहा लाख एकरांहून मोठं, आणि त्यात हजारावर तळी. हिमयुगातल्या बर्फाने खडक खरवडून केलेले हे खळगे. मधे ओढे, नद्या, आणि जिथे पाणी तुटतं तिथे पायवाटा. ओजिब्वे लोक शतकानुशतकं याच वाटांनी ये-जा करत आलेत, पुढे फरचे फ्रेंच-कॅनेडियन हमाल इथूनच गेले. अशा पायवाटेला 'पोर्टेज' म्हणतात. एका तळ्याच्या काठाला कनू बाहेर काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची, पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं, आणि पुन्हा पाण्यात सोडायची. म्हणजे बुद्धाने ज्याला वेडेपणा म्हटलं, तोच इथला नियम. अर्थात बुद्धाच्या माणसाला एकच नदी ओलांडायची होती. पुढे दुसरं पाणी आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न त्याने घेतलेला नाही, आणि तिथे घ्यायचं कारणही नव्हतं. असो.

पोर्टेजची लांबी नकाशावर 'रॉड'मध्ये लिहिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. 320 रॉडचा एक मैल. नकाशावर '40' दिसलं की दोनशे मीटर, '160' दिसलं की अर्धा मैल. पण नकाशावर फक्त लांबी असते. चढ आहे की चिखल, हे त्या आकड्यात नाही. त्यासाठी उंचीच्या रेषा बघायच्या, त्या दाटीवाटीने आल्या की समजून जायचं.

आता मुद्द्याकडे येतो. या अरण्यात मोटारीने जाता येत नाही. कडेला सत्तरेक ठरलेल्या जागा आहेत, प्रत्येकीला नंबर आणि नाव आहे. 30 नंबर म्हणजे लेक वन, 38 म्हणजे सॉबिल, 16 म्हणजे मूस नदी. मी त्यांना दारं म्हणतो. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात प्रत्येक दारातून रोज किती गटांनी मुक्कामासाठी आत जायचं, याचा कोटा असतो. कुठे एक-दोनच, कुठे दहाहून अधिक. आरक्षण जानेवारीच्या अखेरीला उघडतं आणि लोकप्रिय दारांच्या चांगल्या तारखा झरझर संपतात. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. परवान्यावर दार आणि तारीख पक्की. आत गेल्यावर मात्र कुठल्या रात्री कुठे तळ टाकायचा, हे बहुतेक ठिकाणी कुणी ठरवून देत नाही. ठरलेले तळ आहेत, लोखंडी चुलाणं असलेले, आणि जो आधी पोचेल त्याचा तळ.

म्हणजे बघा, सगळ्या सहलीत जानेवारीतच ठरतो असा एकच निर्णय आहे, तो म्हणजे दार. आणि घरोघरी नेमका तोच घाईत होतो. फोटो बघून, कुणाच्या तरी सांगण्यावरून, किंवा जे उरलंय ते.

आमचं तसंच झालं. 2017 साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो. मुलगी, जावई, अकरा वर्षांचा नातू आणि मी. जावयाने आखलेला मार्ग कागदावर फार देखणा होता. लेक वनमधून आत, टू, थ्री, फोर, हडसन, मग इन्सुला, तिथून वर ॲलिस, थॉमस, ईमा अशा तळ्यांवरून वळसा घेऊन स्नोबँक तळ्यावर बाहेर. पाच दिवस. गाडी स्नोबँकला उभी करायची, आणि होड्या भाड्याने देणारा माणूस आम्हाला लेक वनला सोडणार. जावयाने विचारलं, "बाबा, गुडघ्याचं कसं काय?" मी म्हटलं, "काही नाही रे, रोज पर्वती चढतो."

पर्वती मी चढत होतो हे खरं. उतरताना कठड्याला धरून उतरत होतो, तेवढं सांगितलं नाही.

इथे ॲरिस्टॉटल आठवतो. तो म्हणतो, विचारविनिमय साध्याचा होत नाही, साधनांचा होतो. पण साधनांच्या यादीत माझा गुडघा होता, आणि त्याबद्दल मी खोटी माहिती पुरवली होती. मग पुढचा सगळा हिशेब, कितीही काळजीपूर्वक केलेला असो, चुकीच्याच पायावर उभा.

हिशेब कसा असतो तेही सांगतो, कारण तो साधा आहे आणि लोक तो करत नाहीत. सामान भरलेली कनू रमतगमत ताशी तीन-चार किलोमीटर जाते. बारा किलोमीटर पाणी म्हणजे साडेतीन-चार तास. आता त्या दिवशी चार पोर्टेज आहेत, मिळून 200 रॉड. म्हणजे एक किलोमीटर, त्यात काय? पण होडी आणि पिशव्या एका खेपेत जात नाहीत. एक खेप नेली, रिकामे परत आलो, दुसरी नेली. एकाचे तीन किलोमीटर झाले, त्यातले दोन ओझ्यासकट. शिवाय दर वेळी सामान उतरवायचं, पुन्हा लावायचं. चार पोर्टेजमध्ये दोन-अडीच तास सहज जातात. गजबजलेल्या भागात दुपारी दोन-तीनपर्यंत तळ गाठावा, नाहीतर चांगले तळ भरलेले असतात. सकाळी आठला निघालात तर दिवस एवढाच. यापेक्षा जास्त आखलं तर ती सहल राहत नाही, कूच होते.

दाराचा स्वभावही बघावा लागतो. लेक वनला गाडीतळाजवळच पाणी. सुरुवातीला खांद्यावर काही घ्यायचं नाही, म्हणून म्हातारे, पोरं, नवशिके सगळे तिथे, आणि पहिल्या काही तळ्यांवर गर्दी. उलट मूस नदीच्या दाराला गाडीतून उतरल्याबरोबर 160 रॉडचं पोर्टेज. अर्धा मैल ओझं वाहिल्याशिवाय पाण्याचं दर्शन नाही. हे पोर्टेज चाळणीसारखं काम करतं. शांतता हवी असेल तर तिची किंमत इथे खांद्याने मोजायची. फॉल लेक, मूस लेक अशा काही दारांवर अजून मोटारबोटींना परवानगी आहे, तेही आधी बघून घ्या. आणि सीगल, सॅगनागा ही दारं? पोर्टेज कमी, पण पाणी अफाट, आणि अफाट पाण्यावर मालक वारा असतो. सरहद्दीवरच्या तळ्यांवर पलीकडचा काठ कॅनडाचा, त्याचे परवाने वेगळे. आपल्यासारख्या व्हिसावर आलेल्यांनी तिकडे उतरायचा विचारही करू नये.

आमची गोष्ट पुढे अशी. पहिला दिवस मजेत गेला. लेक वन ते टूच्या मधे दोन लहानशी पोर्टेज, तीस-चाळीस रॉडची, पुढे टू, थ्री, फोर सगळं सलग पाणी. वारा पाठीवर. काठावर 2011 च्या पगामी क्रीक वणव्यात जळालेले खोड उभे, आणि त्यांच्या पायाशी कोवळ्या जॅकपाइनची दाटी. नातू म्हणाला, "आजोबा, आपण किती फास्ट आहोत!" आम्ही फास्ट नव्हतो, वारा फास्ट होता. नकाशा आखताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, की हेच पाणी उलट्या दिशेने कापावं लागलं तर?

दुसऱ्या दिवशी हडसनवरून इन्सुलाला जाणारं पोर्टेज, शंभर रॉडच्या आसपास. दुसऱ्या खेपेला, उतारावर, गुडघा गेला. पडलो नाही, पण पाय टेकवेना. मुलीने माझी पिशवी घेतली, आणि बराच वेळ ती माझ्याशी बोलली नाही. तिसरा दिवस इन्सुलाच्या तळावर, गार पाण्याच्या पट्ट्या. पुढे गेलो तर पोर्टेजमागून पोर्टेज. म्हणून चौथ्या दिवशी परत फिरलो. फोरवर येईतो वारा समोरून, आणि लेक थ्रीच्या उघड्या पाण्यावर पांढऱ्या लाटा. नातू पुढच्या बैठकीवर होता. जावयाने होडी काठाला घेतली. माझ्या मते त्या पाच दिवसांतला सर्वांत शहाणा निर्णय तो.

पाचवा दिवस पूर्ण तिथेच गेला. देकार्तने म्हटलंय, जंगलात वाट चुकलेल्याने भरकटू नये, एक दिशा धरून सरळ जात राहावं. जमिनीवर ठीक आहे. पाण्यावर, वारा समोर असताना, सरळ जात राहणं हा बुडण्याचा रस्ता आहे. तिथे थांबायचं असतं, आणि थांबायला दिवस शिल्लक असावा लागतो. आमच्याकडे नव्हता. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून पाच दिवसांच्या होत्या.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला, पाणी निवांत असताना निघालो. लेक वनच्या धक्क्यावर पोचलो, तर गाडी तिकडे स्नोबँकला! एका अनोळखी कुटुंबाने जावयाला तिथपर्यंत सोडलं. पण खरी गोष्ट ती नाही. मिनियापोलिसला आमची ही पाचव्या दिवसाच्या संध्याकाळपासून फोनशेजारी बसून होती. तिच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, 'स्नोबँकला बाहेर'. तिने मदत मागितली असती, तर शोधणारे आधी उत्तरेला गेले असते, आणि आम्ही दक्षिणेला लेक थ्रीच्या काठावर बसलेलो. पहाटे तीनला तिने नंबर शोधून ठेवला होता. आठ वाजेपर्यंत थांबू, असं ठरवलं होतं. आमचा फोन सव्वासातला गेला.

पुढच्या जानेवारीत मुलीने दार निवडायच्या आधी सगळ्यांना टेबलाशी बसवलं, आणि पहिला प्रश्न मला विचारला, "बाबा, उतरताना किती वेळ दुखतं?" मग सॉबिल ठरलं. टॉफ्टे गावावरून वर चोवीस मैल, आजूबाजूला लहान तळी. पहिल्याच दिवशी 30 रॉडचं एक पोर्टेज करून आल्टन तळ्यावर तळ टाकायचा, आणि तो हलवायचाच नाही. ज्यांना हिंडायचंय त्यांनी रिकाम्या होडीने दिवसभर हिंडावं, मी तळावर पुस्तक वाचेन. चार दिवसांची सहल, पाच दिवसांचं अन्न, सात दिवसांच्या गोळ्या. घरी ठेवलेल्या कागदावर तीन ओळी होत्या, जायचं कुठून, यायचं कुठून, आणि मागे फिरलो तर कुठून.

यंदा नातू एकोणीस वर्षांचा आहे, कोटा उघडायच्या आधी त्याचा मला फोन आला. त्याला मित्रांबरोबर मूस नदीने जायचं होतं. मी विचारलं, तुमच्यात सगळ्यात कमी पोहणारा कोण? तो जरा थांबला, आणि म्हणाला, "विचारून सांगतो, आजोबा."