ढगाळ हवामानानंतरची थंडी: वारा पडेल त्या रात्री जास्त सांभाळा



दोन दिवसांपासून एकच विचारणा होतेय: "गारठा कमी झाला, रात्री उबदार वाटतं, आभाळ आलंय. थंडी संपली का?" नाही संपली. बहुतेक वेळा मोठी थंडी अशीच येते, आधी थोडी ऊब दाखवून.

कारण निफाडात नाही, फार लांब आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर साधारण १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. या प्रवाहाबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाच्या लाटा येतात. बातम्यांत ऐकता तो 'पश्चिमी विक्षोभ' हाच. तो जवळ आला की त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडचे दमट वारे ओढले जातात. ढग येतात, आणि हे ढग रात्री जमिनीची ऊब गोधडीसारखी धरून ठेवतात. काश्मीर, हिमाचलात तेव्हा बर्फ पडत असतो. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की मागून वायव्येचे कोरडे, थंड वारे सुटतात. राजस्थान, माळवा ओलांडून ते खानदेशात आणि मग आपल्याकडे यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. वरच्या प्रवाहाला दक्षिणेकडे खोल वळण पडलं असेल, तर थंडी मराठवाड्यापर्यंत उतरते.

'सायबेरियाची थंडी आली' असं आपण सहज म्हणतो, पण ती थेट येत नाही. मध्ये हिमालय उभा आहे.

आता महत्त्वाचं. वारे सुटतात त्या दिवशी अंगाला गारठा झोंबतो, पण पिकाला जास्त धोका त्यानंतरच्या, वारा पडलेल्या रात्री असतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, पान हलत नाही, अशा रात्री जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन गोदावरी-कादवेच्या खोलगट रानात साचते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा २ अंशांच्या खाली गेला होता, तो विसरला नसाल. शिवाय हवामान खात्याचा तापमापक छातीएवढ्या उंचीवर पेटीत असतो. कांद्याच्या रोपाजवळ त्याहून कमी तापमान असू शकतं.

म्हणून ढग हटले की धुराकडे बघा. धूर आग्नेयेकडे जात असेल तर वारा वायव्येचा आहे, तयारीला लागा. धूर पश्चिमेकडे जात असेल तर बंगालच्या उपसागराकडची दमट हवा येतेय, तेव्हा थंडी बरेचदा अडते.

ज्यांच्या द्राक्षमण्यांत पाणी उतरलंय त्यांनी पहाटे ठिबक थोडा वेळ चालवावं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरते. पण एकदम मोठं पाणी देऊ नका, तडे जाण्याचा धोका वाढतो. बागेच्या कडेनं ओलसर काडीकचऱ्याचा धूर करायचा तो वारा नसलेल्या रात्रीच. वाऱ्यात तो शेजाऱ्याच्या बागेत जातो, आपल्याला उपयोग शून्य. रोपवाटिकेवर संध्याकाळी आच्छादन टाका, ऊन चढलं की काढा. गहू-हरभऱ्याची फार काळजी नको, त्यांना थंडी मानवते.

ला निनाच्या वर्षी उत्तरेत थंडीच्या लाटांना पोषक स्थिती असते, एल निनोच्या वर्षी कमी. हा फक्त कल आहे, त्यावर छाटणीची तारीख ठरवू नका.

किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी, असं झालं की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. आपल्या बागेला त्या घोषणेची वाट बघायची गरज नाही. खोलगट प्लॉट असेल तर तिथे एक साधा तापमापक टांगा आणि पहाटे सहाचा आकडा आपल्या गटावर टाका.