बंदी होती, तरी गोळीबार झाला

हायलँड पार्क हे शिकागोच्या उत्तरेचं, तळ्याकाठचं सुखवस्तू उपनगर. गावाने 2013 मध्येच लष्करी धाटणीच्या रायफली बाळगण्यावर बंदी घातली होती. ती कोर्टातही टिकली. तरी 4 जुलै 2022 च्या स्वातंत्र्यदिन संचलनावर एका तरुणाने इमारतीच्या छपरावरून गोळीबार केला. 7 जण गेले, कितीतरी जखमी झाले.

मग बंदीचा उपयोग काय? खरं तर गावापुरती बंदी वेशीवर संपते. राज्याच्या कायद्यानुसार ती रायफल कायदेशीर होती आणि हल्लेखोराने ती रीतसर विकत घेतली होती.

खरी फट मात्र वेगळीच. 2019 मध्ये या हल्लेखोराने घरच्यांना मारण्याची धमकी दिल्याने पोलिसांनी घरातले सुरे उचलून नेले होते. त्यानंतर काही महिन्यांतच त्याने बंदूक घेण्यासाठी लागणाऱ्या शस्त्र-ओळखपत्रासाठी अर्ज केला. वय 21 पेक्षा कमी, म्हणून पालकाची संमती लागत होती. ती वडिलांनी दिली! पुढे बेफिकिरीचा गुन्हा त्यांनी कबूल केला.

शिकागो ज्या राज्यात आहे, त्या इलिनॉयमध्ये 2019 पासून आणखी एक कायदा आहे. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रं तात्पुरती काढून घ्यावीत, असा अर्ज कुटुंबीय किंवा पोलीस कोर्टात करू शकतात. इथे तो कुणीच केला नाही. जानेवारी 2023 मध्ये अशा रायफलींच्या विक्रीवर राज्यभर बंदी आली. शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र हा अर्जाचा कायदा आधी समजून घ्यावा.