सरकारी दवाखान्यात कोणाला काय विचारायचं?

नांदेडचं विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय असो की लातूरचं विलासराव देशमुख संस्थेचं, पांढरा कोट दिसला की नातेवाईक त्यालाच गाठतात. पण तो विद्यार्थीही असू शकतो. म्हणून हे लक्षात ठेवा:

• निवासी डॉक्टर: वॉर्डात जास्त वेळ हेच असतात. तब्येत यांना विचारा.
• युनिटप्रमुख: उपचाराचे मोठे निर्णय घेतात. राऊंडला भेटतात.
• सिस्टर, ब्रदर: औषध, इंजेक्शन, सलाईन. पेशंट अचानक बिघडला तर आधी यांना सांगा.
• मामा, मावशी: स्ट्रेचर, साफसफाई. औषधाचा सल्ला यांच्याकडून नको.
• आरोग्यमित्र: महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं.
• समाजसेवा अधीक्षक: पैशांची अडचण.
• अधिष्ठाता: रुग्णालयाचे प्रमुख. वॉर्डात दाद लागली नाही तर लेखी तक्रार यांच्याकडे.

ओळखपत्र नसलेला कोणी 'लवकर काम करून देतो' म्हणून पैसे मागत असेल, तर आधी नाव आणि पद विचारा.