सीसी म्हणजे ताकद नव्हे: जुन्या पोर्शे ९११ च्या इंजिनाबद्दल गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोर्शे ९११ पहिल्यांदा १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली. तेव्हापासून १९९८ पर्यंत तिचे सहा सिलिंडरचे इंजिन हवेनेच थंड केले जात होते. या काळात नेहमीच्या मॉडेलांत १९९१ सीसीचे इंजिन वाढत वाढत ३६०० सीसीपर्यंत गेले, मूळ रचना मात्र तीच राहिली. त्यामुळे नंतरच्या वर्षांचे इंजिन आधीच्या गाडीत बसवता येते. इंजिन निवडताना होणाऱ्या चुका इथूनच सुरू होतात.

गैरसमज: सीसी जितके जास्त, तितकी ताकद जास्त, म्हणून मिळेल ते सर्वांत मोठे इंजिन बसवावे.

वस्तुस्थिती: १९७४ च्या युरोपीय मॉडेलांत साध्या ९११ ची ताकद १५० अश्वशक्ती होती, ९११ एसची १७५ आणि कॅरेराची २१०. तिन्ही इंजिने २६८७ सीसीचीच होती. बोअर ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक ७०.४ मिलिमीटर, यांतही काडीचा फरक नव्हता. पुढे १९७८ मध्ये आलेली ९११ एससी २९९४ सीसीची असूनही १८० अश्वशक्तीची होती, म्हणजे कॅरेरापेक्षा ३०७ सीसी जास्त आणि ३० अश्वशक्ती कमी. हे आकडे कारखान्याने स्वतः जाहीर केलेले आहेत आणि कित्येक दशके छापले जात आहेत. तरीही इंजिनाची चर्चा सीसीपासून सुरू होऊन सीसीपाशीच संपावी, हे समजण्यापलीकडचे आहे.

ताकद ठरते ती दर सेकंदाला किती हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि इंधन किती नीट जळते यावर. म्हणून कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन आणि इंधन देणारी यंत्रणा यांचा मेळ बसावा लागतो. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह अधिक काळ एकाच वेळी उघडे राहतात. जास्त फेऱ्यांवर त्याचा फायदा होतो. कमी फेऱ्यांवर आत आलेली हवा मागे ढकलली जाते. एससीच्या के-जेट्रॉनिक यंत्रणेत आत येणारी हवा एक गोल चकती उचलते आणि चकती जितकी वर जाईल तितके पेट्रोल सुटते. मागे येणाऱ्या हवेच्या धक्क्यांनी ही चकती थरथरू लागते, पेट्रोलचे माप चुकते आणि गाडी उभी असताना इंजिन अडखळते. अशा ठिकाणी कॅमशाफ्ट बदलायचा तर इंधनाची यंत्रणाही बदलावीच लागते.

मोठ्या सीसीचा खरा लाभ टॉर्कमध्ये दिसतो. एससीला २६५ न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला ४२०० फेऱ्यांवरच मिळतो, २.७ कॅरेराला २५५ साठी ५१०० फेऱ्या लागतात. घाटात आणि शहरात एससीचा हा गुण उपयोगी पडतो, तर शर्यतीच्या ट्रॅकवर कॅरेराची वरच्या फेऱ्यांची ताकद.

इंजिन बसवून काम संपत नाही. ९६४ या ९११ च्या नंतरच्या पिढीचे ३.६ लिटरचे इंजिन ३१० न्यूटन-मीटर टॉर्क देते. पण जुन्या गाड्यांतल्या ९१५ गिअरबॉक्सने कारखान्याच्या ३.२ कॅरेरात २८४ पर्यंतच भार पेलला आणि १९८७ च्या मॉडेलपासून पोर्शेनेच त्याच्या जागी जी-५० हा नवा गिअरबॉक्स आणला. हा जी-५० त्याआधीच्या गाडीत घालायचा तर मागच्या टॉर्शन बारच्या नळीत फेरफार करावे लागतात. म्हणून आधी गाडीचा वापर ठरवावा, मग फेऱ्यांचा टप्पा, त्यानंतर इंजिन. गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक आणि ऑइल कूलर यांचा खर्चही त्याच हिशेबात धरावा.

गैरसमज: इंजिन हवेने थंड होते, तेलाकडे फारसे बघायला नको.
वस्तुस्थिती: उष्णतेचा मोठा वाटा तेलच वाहून नेते, इंजिनावरचा कूलर कमी पडू लागल्याने १९६९ च्या ९११ एसला पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये दुसरा ऑइल कूलर दिला गेला.

गैरसमज: साध्या इंजिनाला टर्बो जोडला की झाले.
वस्तुस्थिती: १९७५ च्या तीन लिटर टर्बोचे कॉम्प्रेशन ६.५ होते आणि पुढच्याच वर्षीच्या बिनटर्बो कॅरेरा ३.० चे ८.५. हा फरक न मिटवता टर्बो लावला तर इंधन अवेळी पेटते आणि पिस्टन फुटतात.

गैरसमज: २.७ लिटर इंजिनाचे मॅग्नेशियमचे क्रँककेस म्हणजे भंगार.
वस्तुस्थिती: हेडचे स्टड त्यातून उपटून येतात हे खरे, पण चोविसही भोकांत पोलादी आटे बसवले की हा दोष दूर होतो, विकत घेताना ते काम झाले आहे का, एवढे तपासावे.

गैरसमज: एससीत चिप बदलून ताकद वाढते.
वस्तुस्थिती: एससीच्या इंधन यंत्रणेत बदलण्याजोगी चिपच नाही, संगणकावर चालणारी मोट्रॉनिक यंत्रणा १९८४ च्या ३.२ कॅरेरापासून आली.

गैरसमज: नवे इंजिन बसले की मूळ इंजिन विकून टाकावे.
वस्तुस्थिती: गाडीसोबत कारखान्यातून आलेल्या क्रमांकाचे इंजिन असेल तर संग्राहक जास्त किंमत मोजतात, ते उतरवून, तेल लावून, कोरड्या जागी जपून ठेवावे.