हाताने चालणारा हायड्रॉलिक पॅलेट ट्रक : रचना, उपयोग व निगा

नागपूर भागात आंबिया बहराची संत्री साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीस येतात. त्याच सुमारास सोयाबीन, कापूस व पुढे तूर यांचीही बाजारात आवक सुरू होते. या दिवसांत सहकारी संस्थांची गोदामे, प्रतवारी केंद्रे व शीतगृहे येथे मालाची चढउतार अहोरात्र चालते. हे काम अद्यापि बहुतेक ठिकाणी हमाल बांधवांच्या पाठीवर व डोक्यावर होते. त्यात माणसाची पाठ झिजते, वेळ जातो व माल दुखावतो.

हा भार हलका करणारे एक साधे साधन म्हणजे हाताने चालणारा हायड्रॉलिक पॅलेट ट्रक होय. त्यास वीज लागत नाही व डिझेलही लागत नाही. अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या व संस्था आता हे साधन घेऊ लागल्या आहेत. तथापि, ते कसे चालते व कोठे चालत नाही, हे समजून न घेता घेतल्यास ते कोपऱ्यात गंजत पडण्याचा संभव असतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व संस्थांच्या संचालकांनी पुढील माहिती अवश्य ध्यानात घ्यावी.

दाबाचे तत्त्व

या यंत्राचे तत्त्व विदर्भातील शेतकऱ्यास अपरिचित नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात मऊ रुईची सुमारे १७० किलोची घट्ट गाठ बांधली जाते, ती तेलाच्या दाबाने. ट्रॅक्टरमागील नांगर एक छोटी दांडी हलविताच वर उचलला जातो, तोही तेलाच्याच दाबाने. बंदिस्त भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. पॅलेट ट्रक हा त्याच दाबयंत्राचा चाकांवर बसविलेला लहानसा वंशज आहे.

दोन नळकांडी तेलाने भरून एकमेकांस जोडली आहेत, अशी कल्पना करावी. एकात लहान दट्ट्या व दुसऱ्यात मोठा दट्ट्या आहे. लहान दट्ट्या दाबला की तेवढाच दाब मोठ्या दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडतो. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ जितके पट अधिक, तितके पट अधिक ओझे तो उचलतो.

यंत्राची रचना

पॅलेट ट्रकचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत :

१. काटे : समोर पसरलेले दोन लांब लोखंडी हात. यांना कामगार फोर्क असे म्हणतात. हे पॅलेटच्या, म्हणजे लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाटाच्या, पोकळीत शिरतात.

२. हातदांडा : गाडा ओढण्यासाठी, वळविण्यासाठी व पंप मारण्यासाठी हा एकच दांडा उपयोगी पडतो.

३. पंप : यात तेलाची टाकी, लहान दट्ट्या, मोठा दट्ट्या व झडपा असतात.

४. चाके : दांड्याखाली वळणारी दोन मोठी चाके, आणि प्रत्येक काट्याच्या टोकाखाली लहान चाके असतात.

५. जोडदांड्या : काट्यांच्या खालून टोकाच्या चाकांपर्यंत गेलेल्या लोखंडी दांड्या.

ओझे वर कसे जाते

पंपाचे काम गावच्या हापशासारखेच चालते. हापशात झडप पाणी वर येऊ देते, पण परत खाली जाऊ देत नाही. येथेही अशाच दोन एकमार्गी झडपा आहेत. हातदांडा खाली ओढला की लहान दट्ट्या दाबला जातो, व त्याखालील तेल एका झडपेतून मोठ्या दट्ट्याखाली ढकलले जाते. दांडा सोडला की स्प्रिंग लहान दट्ट्यास वर आणते. त्या वेळी दुसऱ्या झडपेतून टाकीतील नवे तेल आत ओढले जाते. मोठ्या दट्ट्याखाली गेलेले तेल मात्र परत येऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक हेलपाट्यास ओझे थोडे वर जाते व तेथेच थांबते.

मोठा दट्ट्या काट्यांची मागील बाजू उचलतो. त्याच वेळी जोडदांड्या टोकाची लहान चाके खाली जमिनीकडे दाबतात, आणि पुढील बाजूही तितकीच वर येते. म्हणून माल आडवा न होता सपाट राहतो. बहुतेक गाड्यांचे काटे जमिनीपासून सुमारे ८ सेंमीवरून २० सेंमीपर्यंत उठतात. पॅलेट जमिनीवरून सुटण्यास एवढे पुरते.

हातदांड्याच्या मुठीपाशी एक छोटी तरफ असते. तिच्या तीन जागा आहेत. तरफ खाली असता दांडा मारल्यास माल वर जातो. मधल्या जागी दांडा मोकळा हलतो व गाडा ओढता येतो. तरफ वर ओढून धरल्यास उताराची झडप उघडते, मोठ्या दट्ट्याखालील तेल टाकीत परत जाते आणि मालाच्या वजनानेच काटे खाली येतात. याखेरीज एक संरक्षक झडप असते. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक ओझे असल्यास ती तेल परत सोडते व माल उचलला जात नाही. ही झडप कारखान्यात बसविलेली असते. अधिक भार उचलावा म्हणून ती कधीही आवळू नये.

ताकदीचा हिशेब

एका उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. प्रत्यक्ष गाड्यांची मापे निरनिराळी असतात. समजा, टेकूपासून मुठीपर्यंत दांडा १०० सेंमी आहे, आणि लहान दट्ट्या टेकूपासून ५ सेंमीवर दाबला जातो. मुठीवर १० किलोचा जोर दिल्यास दट्ट्यावर २० पट, म्हणजे २०० किलोचा जोर पडेल. आता लहान दट्ट्याचा व्यास २ सेंमी व मोठ्याचा ६ सेंमी धरू. व्यास ३ पट असल्यास क्षेत्रफळ ९ पट होते. म्हणून मोठा दट्ट्या १,८०० किलो उचलील. घर्षणामुळे प्रत्यक्षात याहून काहीसे कमी ओझे उचलले जाते.

मात्र कोणतेही यंत्र फुकट ताकद देत नाही. हात ८० सेंमी खाली आला तर लहान दट्ट्या ४ सेंमी सरकतो व मोठा दट्ट्या जेमतेम साडेचार मिलिमीटर वर जातो. १० सेंमी उचलण्यास असे २२-२३ हेलपाटे घालावे लागतात. जोर वाचतो, त्याची किंमत अंतराने द्यावी लागते. जे ओझे दहा माणसांच्याने एकदम उचलवत नाही, ते एक माणूस थोडेथोडे करून उचलतो, एवढाच यातील चमत्कार आहे.

लाभ कशात आहे

५० किलोची २० पोती एका पॅलेटवर रचल्यास एक टन माल होतो. १० टनांच्या ट्रकमधील २०० पोती अशा १० फेऱ्यांत गोदामाच्या दारातून थप्पीच्या जागेपर्यंत जातात. अन्यथा त्यासाठी डोक्यावर ओझे घेऊन २०० फेऱ्या माराव्या लागतात.

संत्र्याच्या बाबतीत लाभ याहून मोठा आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल व नाजूक असते. आपटल्याने किंवा दाबल्याने तिला इजा झाली की त्या वाटेने बुरशी शिरते, व एक सडके फळ शेजारच्या फळांस बिघडविते. प्रतवारीपासून काट्यापर्यंत, काट्यापासून शीतगृहापर्यंत व तेथून मोटारीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर क्रेट उचलला व ठेवला जातो. ६० × ४० सेंमी मापाचे क्रेट १२० × १०० सेंमीच्या पॅलेटवर एका थरात पाच बसतात. पाच थरांत २५ क्रेट, म्हणजे क्रेटमागे २० किलो धरल्यास ५०० किलो फळ होते. प्रतवारीनंतर क्रेट एकदा पॅलेटवर रचले की मोटारीत चढेपर्यंत त्यांस पुन्हा हात लावावा लागत नाही. हाताळणी जितकी कमी, तितकी नासाडी कमी.

तिसरा लाभ माणसाचा आहे. पूर्वी बाजारात १०० किलोची पोती वाहिली जात. एका प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. आपल्या राज्याने हमालांच्या हितासाठी १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम केला. यंत्र आणताना हमालांस दूर सारणे हा त्यामागील हेतू असू नये. पोते पॅलेटवर ठेवणे, थप्पी लावणे व गाडा सांभाळणे ही कामे माणसासच करावयाची आहेत. म्हणून गाडा येताच प्रथम शिक्षण द्यावे ते हमालांस, व गाड्याची जबाबदारीही त्यांच्यातील जाणत्या व्यक्तीकडे सोपवावी.

कोठे उपयोग नाही

खरेदीपूर्वी पुढील गोष्टींचा विचार अवश्य करावा :

(१) गाड्याची टोकाची चाके लहान असतात. काळ्या मातीच्या अंगणात, मुरमावर किंवा उखडलेल्या फरशीवर ती रुततात. टणक व सपाट कोबा नसल्यास प्रथम जमीन करून घ्यावी.

(२) सपाट कोब्यावर एक टन माल चालता ठेवण्यास साधारणपणे २० ते ३० किलोचा जोर पुरतो, पण २० मीटरमागे १ मीटर एवढा चढ असल्यास आणखी सुमारे ५० किलोचा जोर लागतो. उतारावर तोच जोर गाडा पळवितो. या गाड्यांस बहुधा ब्रेक नसतो. म्हणून उतारावर भरलेला गाडा नेऊ नये.

(३) हा गाडा माल जमिनीवरून केवळ सोडवितो. थप्पीवर चढवीत नाही. उंच रचण्यासाठी स्टॅकर नावाचे वेगळे यंत्र असते. मोटारीत थेट गाडा नेण्यास मोटारीच्या पाट्याइतका उंच धक्का हवा.

(४) जेथे संत्री सैल भरून ढिगाने ओतली जातात, तेथे क्रेट व पॅलेट आल्याखेरीज गाड्याचा लाभ मिळणार नाही.

(५) काट्यांची लांबी व रुंदी आपल्या पॅलेटशी जुळते की नाही, हे मोजून पाहावे. खालून फळ्या असलेल्या पॅलेटमध्ये टोकाची चाके फळ्यांमधील मोकळ्या जागेत उतरली पाहिजेत. चाक फळीवर राहिल्यास पंप मारताना फळी मोडते.

वापरताना घ्यावयाची काळजी

काटे पॅलेटखाली पूर्ण आत घालावेत. केवळ टोकावर किंवा एकाच काट्यावर भार घेऊ नये. जड पोती खाली व मध्यभागी रचावीत. माल जमिनीपासून सुटेल इतकाच उचलावा, कारण अधिक उंच उचललेला माल वळणावर कलंडतो. वळताना गती कमी ठेवावी. शक्य तेथे गाडा ढकलावा, त्यात पाठीवर कमी ताण येतो. ओढताना टाचेवर गाडा येणार नाही असे बाजूने चालावे. काटे खाली येत असता पाय जवळ नेऊ नयेत. गाड्यावर बसून कोणी, विशेषतः मुलांनी, फिरू नये. काम संपल्यावर काटे पूर्ण खाली ठेवावेत.

निगा व किरकोळ दोष

दररोज चाकांत अडकलेली सुतळी, रुई व पोत्यांचे धागे काढावेत. जोडांस व चाकांच्या धुऱ्यांस ठरल्या वेळी ग्रीस द्यावे. टाकीत उत्पादकाने सांगितलेले हायड्रॉलिक तेलच घालावे. मोटारीचे ब्रेक ऑईल किंवा वापरलेले इंजिन ऑईल घातल्यास सील खराब होते. तेल भरताना धूळ जाऊ देऊ नये, कारण झडपेखाली अडकलेला एक कणही दाब टिकू देत नाही.

दांडा मारूनही काटे हळू किंवा धक्क्याने वर येत असल्यास तेलात हवा शिरली आहे असे समजावे. अशा वेळी गाडा रिकामा ठेवून, मुठीची तरफ उताराच्या जागी धरून, दांडा दहा-बारा वेळा मारावा, म्हणजे हवा निघून जाते. काटे पूर्ण उंचीपर्यंत जात नसल्यास तेलाची पातळी पाहावी. उचललेला माल आपोआप खाली बसत असल्यास उताराच्या झडपेत घाण, तिच्या साखळीची चुकीची जुळणी किंवा झिजलेले सील, यांपैकी एखादे कारण असते. अशा गाड्यावर माल ठेवून काम चालू ठेवू नये. तो जाणकार कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील संस्थेत गाडा घेण्याचे ठरल्यास प्रथम जमीन, मग पॅलेट व क्रेट, आणि शेवटी गाडा, असा क्रम ठेवण्यास सांगावे. हा क्रम पाळल्यास थोड्या खर्चात शेतकऱ्याचे फळ शाबूत राहील, व ते वाहणाऱ्याची पाठही.