पंचविशीत फुकट, तेहतिशीत साडेचार कोटी

रॉबर्ट लेवांडोवस्की या पोलिश स्ट्रायकरने वीस वर्षांचा होण्याआधीपासून तेहतिशीपर्यंत चार वेळा मोठी घरे बदलली. दर वेळी नव्या क्लबने जुन्या क्लबला किती पैसे मोजले, ते आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. 2008 मध्ये पोलंडमधल्या पोलंडमध्ये, सुमारे साडेचार लाख युरो. 2010 मध्ये जर्मनीला जाताना सुमारे 45 लाख युरो. 2014 मध्ये म्युनिकला जाताना शून्य. 2022 मध्ये बार्सिलोनाला जाताना साडेचार कोटी.

पहिला, दुसरा आणि चौथा आकडा पाहिला तर भाव दर वेळी दहापट झालेला दिसतो. कोडे आहे ते तिसऱ्याचे. 2014 मध्ये हा माणूस 25 वर्षांचा होता आणि जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, बुंडेसलिगात, त्या हंगामात सर्वाधिक गोल त्याचेच होते. तो फुकट गेला. पुढे 33व्या वर्षी, जेव्हा बहुतेक स्ट्रायकरांचे पाय जड होऊ लागलेले असतात, तेव्हा त्याचा भाव सर्वात जास्त लागला. बैलाचे दात पाहून किंमत करणाऱ्या बाजारात असा उलटा हिशेब कोणी ऐकूनही घेणार नाही. युरोपच्या फुटबॉलमध्ये मात्र तो अगदी नियमाला धरून आहे.

विकला जातो तो करार

क्लब आणि खेळाडू यांच्यात ठरावीक मुदतीचा करार असतो. जागतिक फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या नियमांनुसार त्याची मुदत साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षे. ही मुदत चालू असताना दुसऱ्या क्लबला तो खेळाडू हवा असेल, तर त्याने आधी जुन्या क्लबला लेखी कळवायचे, मग मोबदल्याची बोलणी करायची. हा मोबदला म्हणजे ट्रान्स्फर फी. ती खेळाडूची किंमत आहे असे आपण बोलून जातो, पण पैसे मोजले जातात ते कराराच्या उरलेल्या वर्षांवरचा हक्क सोडण्याबद्दल. दुकानाच्या गाळ्याची भाडेमुदत तीन वर्षे उरली असेल आणि तो आजच हवा असेल, तर भाडेकरूला काहीतरी देऊनच उठवावे लागते. मुदत उद्या संपणार असेल तर कोण कशाला देईल?

म्हणून खेळाडू कितीही चांगला असो, करार संपत आला की फी खाली येते. शेवटचे सहा महिने उरले की त्याला दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार उघडपणे करता येतो. मुदत संपताच तो मोकळा.

हे नेहमीच असे नव्हते. 1990 मध्ये बेल्जियमच्या ज्यां-मार्क बोसमन या खेळाडूचा लिएजच्या क्लबशी असलेला करार संपला. फ्रान्समधला डंकर्कचा क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण करार संपूनही जुन्या क्लबला फी मिळाल्याशिवाय जाता येत नसे. बोसमन न्यायालयात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: करार संपल्यावर युरोपीय संघातल्या खेळाडूला संघातल्याच दुसऱ्या देशातील क्लबकडे फीशिवाय जाता आले पाहिजे. बोसमनची स्वतःची कारकीर्द या खटल्यात वाहून गेली. त्याच्यानंतरच्या प्रत्येक खेळाडूच्या हातात मात्र एक घड्याळ आले.

खालच्या पायऱ्या

लेवांडोवस्कीचा जन्म 21 ऑगस्ट 1988 चा, वॉर्साचा. वडील ज्युदो खेळलेले, आई व्हॉलीबॉल. वॉर्सामधल्या वार्सोव्हिया या छोट्या क्लबात तो वाढला. पुढे देशातल्या बलाढ्य लेगिया वॉर्साच्या राखीव संघात त्याला जागा मिळाली, पण दुखापत झाली आणि 2006 मध्ये क्लबने करार वाढवला नाही. तेव्हा तो 17 वर्षांचा होता. त्याच्या आदल्याच वर्षी वडील गेले होते.

मोठ्या क्लबने सोडलेला मुलगा कुठे जातो? एक-दोन श्रेणी खाली, जिथे मैदान लहान असते पण खेळायला मिळते. लेवांडोवस्की वॉर्साशेजारच्या प्रुश्कुव्ह गावातल्या झ्निच या क्लबकडे गेला. पहिल्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत सर्वाधिक, 15 गोल केले. क्लब वरच्या श्रेणीत चढला, तर तिथेही सर्वाधिक, 21 गोल. 2008 मध्ये पहिल्या श्रेणीतल्या लेख पोझ्नानने त्याच्यासाठी सुमारे 15 लाख झ्वॉटी मोजले. तेव्हाच्या दराने हेच ते साडेचार लाख युरो. दुसऱ्या हंगामात 18 गोल करून त्याने पोझ्नानला लीग जिंकून दिली.

तीन श्रेणी, तिन्हींत सर्वाधिक गोल. हे आकडे स्ट्रायकरच्या बाबतीत फार बोलतात. बचावपटू किती चांगला आहे हे सांगायला जाणकार लागतो. स्ट्रायकरचे गोल कोणालाही मोजता येतात. अडचण एवढीच की पोलंडमधले 18 गोल म्हणजे इंग्लंड-जर्मनीतले किती, याचे कोष्टक कुठे छापलेले नसते. म्हणून मोठे क्लब अशा खेळाडूवर बेताचे पैसे लावतात आणि वाट पाहतात.

2010 च्या एप्रिलमध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे बोलणी करायला जाणार होता. त्याच सुमारास आइसलँडमधला ज्वालामुखी फुटला, राखेमुळे युरोपातली विमाने जमिनीवर बसली आणि ती भेट राहूनच गेली. जूनमध्ये तो सुमारे 45 लाख युरोंना जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडचा झाला.

बाकावरचे वर्ष

डॉर्टमुंडच्या पहिल्या हंगामाकडे नुसत्या आकड्यांनी पाहिले तर सौदा फसला असे वाटेल. लीगमध्ये 33 सामने, 8 गोल. यांतल्या बऱ्याच सामन्यांत तो बदली म्हणून उतरला. स्ट्रायकरची जागा पॅराग्वेच्या लुकास बारिओसची होती. प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी लेवांडोवस्कीला अनेकदा त्याच्या मागे, मधल्या फळी आणि आक्रमण यांच्या सांध्यावर खेळवले.

तिथे खेळणाऱ्याला गोलपोस्टकडे पाठ करून चेंडू घ्यावा लागतो. मागून बचावपटू धक्के देत असताना तो पायाखाली राखायचा, साथीदार पुढे येईपर्यंत थांबायचे, मग सोडायचा. शिवाय क्लॉप यांच्या संघात चेंडू गेला की तो परत हिसकावण्याची पहिली धाव सर्वात पुढच्या खेळाडूनेच घ्यायची. केवळ बॉक्समध्ये उभा राहून गोल करणारा पोर या वर्षात धावणारा, अडवणारा, दुसऱ्याला खेळवणारा फॉरवर्ड झाला. क्लॉप यांच्याशी लागलेल्या पैजेची गोष्ट त्याने स्वतः सांगितली आहे: सरावात दहा गोल केले तर प्रशिक्षक 50 युरो देणार, नाही केले तर याने द्यायचे. सुरुवातीला खिसा याचाच हलका होत असे.

2011 च्या उन्हाळ्यात बारिओस दुखापतग्रस्त झाला आणि जागा रिकामी झाली. त्या हंगामात लेवांडोवस्कीचे लीगमध्ये 22 गोल, डॉर्टमुंडला लीग आणि जर्मन चषक दोन्ही, आणि चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध 5-2 च्या विजयात त्याची हॅटट्रिक. 24 एप्रिल 2013 रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात त्याने रेयाल माद्रिदवर एकट्याने चार गोल केले.

शून्य कसे पडले

आता कोड्याकडे येऊ. चार गोलांच्या त्या रात्री त्याच्या डॉर्टमुंडच्या करारात जेमतेम सव्वा वर्ष उरले होते. 2014 च्या जूनमध्ये तो संपणार होता, आणि वाढवायला तो तयार नव्हता. बायर्नला तो हवा होता.

डॉर्टमुंडपुढे दोन वाटा होत्या. 2013 च्या उन्हाळ्यात विकायचे आणि भरघोस पैसे घ्यायचे. किंवा शेवटचे वर्ष त्याला खेळवायचे आणि मग हात हलवत निरोप द्यायचा. चार गोलांच्या त्याच आठवड्यात डॉर्टमुंडचा मारिओ गोत्से करारातल्या ठरीव रकमेच्या कलमानुसार, 3 कोटी 70 लाख युरोंना बायर्नला गेल्याचे जाहीर झाले होते. असे कलम असेल तर ती रक्कम मोजणाऱ्याला क्लब अडवू शकत नाही. लेवांडोवस्कीला अडवणे मात्र हातात होते, आणि एकाच उन्हाळ्यात दोघांना त्याच प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायला डॉर्टमुंड तयार नव्हते.

त्यांनी त्याला ठेवून घेतले. जानेवारी 2014 मध्ये सहा महिन्यांची वेस ओलांडली आणि पहिल्याच आठवड्यात त्याने बायर्नशी पुढचा करार केल्याचे जाहीर झाले. उरलेला हंगाम तो पिवळ्या जर्सीत प्रामाणिकपणे खेळला आणि 20 गोलांसह लीगमध्ये पहिला आला. ते शून्य म्हणजे डॉर्टमुंडने त्या 20 गोलांसाठी सोडलेली फी होती.

वाचलेली फी पूर्णपणे नव्या क्लबच्याच खिशात राहते असेही नाही. फीशिवाय येणाऱ्या खेळाडूला पगार आणि सहीचा बोनस जास्त मागता येतो. बोसमनच्या घड्याळाने पैसा नाहीसा केला नाही. त्याचा काही भाग क्लबकडून खेळाडूकडे आणि त्याच्या एजंटकडे वळवला.

भाव चढवणारी आठ वर्षे

म्युनिकमध्ये त्याने 375 सामन्यांत 344 गोल केले. 22 सप्टेंबर 2015 रोजी वुल्फ्सबर्गविरुद्ध बायर्न एका गोलने मागे असताना तो हाफटाइमनंतर मैदानात आला. 51व्या मिनिटाला पहिला गोल आणि 60व्या मिनिटाला पाचवा. 2019-20 मध्ये सर्व स्पर्धांत मिळून 55 गोल, आणि चॅम्पियन्स लीगचे जेतेपद. 2020-21 मध्ये लीगमध्ये 41 गोल करून त्याने गेर्ड म्युलर यांचा 1971-72 पासून टिकलेला 40 गोलांचा विक्रम मोडला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या मिनिटाला तो एकेचाळिसावा गोल झाला.

या आकड्यांकडे पाहताना त्याचे वय पाहावे. हा विक्रम 32व्या वर्षीचा आहे. पत्नी अॅना स्वतः कराटे खेळाडू आणि आहाराची अभ्यासक. तिच्या सल्ल्याने त्याने खाण्यापिण्याची सगळी घडी बदलली. खेळातही तो वेगाच्या भरवशावर कधी नव्हता. बचावपटूच्या नजरेआड सरकणे, क्रॉस येण्याआधी अर्धे पाऊल थांबणे, चेंडूचा पहिला स्पर्श नेमका ठेवणे, यांवर त्याचे गोल उभे होते. वेग तिशीत ओसरतो, पण या गोष्टी टिकतात.

घड्याळ फिरून आले

2022 च्या उन्हाळ्यात बायर्नकडे त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. मुदत जून 2023 पर्यंत. मे अखेरीस त्याने जाहीरपणे सांगितले की बायर्नसोबतचा आपला प्रवास संपला आहे. नऊ वर्षांपूर्वी डॉर्टमुंड जिथे उभे होते, नेमके तिथेच आता बायर्न येऊन ठेपले: आत्ता विका, किंवा वर्षभर खेळवून फुकट सोडा.

बायर्नने विकले. साडेचार कोटी युरो, आणि कामगिरीनुसार आणखी 50 लाखांपर्यंत. पंचविशीतल्या खेळाडूला डॉर्टमुंडने ठेवून घेतले, कारण त्याचे एक वर्ष त्यांना फीपेक्षा मोलाचे वाटले. तेहतिशीतल्या खेळाडूला बायर्नने सोडले, कारण नाराज स्ट्रायकरच्या एका वर्षापेक्षा ही रक्कम जड होती. दोन्ही वेळी कराराचे एकच वर्ष उरले होते; पारडे कोणी कुठे झुकवले, एवढाच फरक.

बार्सिलोनाची गोष्ट अजून संपली नव्हती. स्पेनच्या ला लिगामध्ये प्रत्येक क्लबला त्याच्या उत्पन्नानुसार पगारखर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते. खेळाडूशी करार झाला, फी भरली, तरी त्याचा पगार त्या मर्यादेत बसल्याशिवाय लीग त्याची नोंदणी करत नाही. आणि नोंदणी नाही तर मैदानात पाऊल नाही. कर्जात बुडालेल्या बार्सिलोनाने त्या उन्हाळ्यात लीगच्या प्रसारण हक्कांतून येणाऱ्या आपल्या उत्पन्नाचा 25 टक्के वाटा 25 वर्षांसाठी विकला, इतरही मत्ता विकल्या, तेव्हा कुठे जागा झाली. पहिला सामना तोंडावर आल्यावर नोंदणी पार पडली. त्या हंगामात 23 गोलांसह तो स्पेनमध्ये पहिला आला आणि बार्सिलोना विजेता ठरला.

प्रुश्कुव्हचा वाटा

ट्रान्स्फर फीतला एक तुकडा मात्र विकणाऱ्या क्लबचाही नसतो. फिफाच्या नियमानुसार, करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात फी घेऊन गेला, तर त्या फीचे 5 टक्के बाजूला काढले जातात. खेळाडू 12व्या ते 23व्या वर्षाच्या दरम्यान ज्या ज्या क्लबांत घडला, त्या सर्वांत ते वाटले जातात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामाला फीचा पाव टक्का, 16 ते 23 मधल्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. करार संपवून फुकट गेला, तर काहीच नाही. 2014 मध्ये फी नव्हती आणि बदलही जर्मनीतल्या जर्मनीत होता, त्यामुळे पोलंडमधल्या छोट्या क्लबांची झोळी रिकामीच राहिली.

2022 मध्ये मात्र हिशेब लागला. नियमाच्या गणिताने पोराला सोडून देणाऱ्या लेगियाच्या एका हंगामालाही अर्धा टक्का येतो. झ्निच प्रुश्कुव्हकडे तो 18व्या आणि 19व्या वर्षी, दोन हंगाम खेळला. दोन हंगामांचा एक टक्का. साडेचार कोटींचा एक टक्का साडेचार लाख युरो होतो. 2008 मध्ये त्याला पोझ्नानला विकून झ्निचला मिळाले होते, जवळपास तेवढेच.