कुवेतच्या किनाऱ्यावरील पाहुणे

कुवेत म्हटले की तेल आणि वाळवंट डोळ्यांपुढे येते. परंतु डिसेंबरच्या सुटीत तेथील नातेवाइकांकडे गेलो असता आम्हांस निराळेच कुवेत दिसले. आपल्याकडे उन्हाळा, तेथे मात्र कडक थंडी!

पहाटे आम्ही सुलैबिखात उपसागराच्या काठी पोहोचलो. ओहोटीने दूरपर्यंत चिखल उघडा पडला होता. त्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती, आणि इवल्या तुताऱ्या चिखल टोचीत पळत होत्या. पुढे जहरा येथील राखीव तळी पाहिली. शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर ती भरतात, आणि हिवाळ्यात तेथे बदके व गरुड उतरतात. उत्तरेच्या बुबियान बेटावरील राखीव क्षेत्र २०१५ साली पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आले.

वाकड्या चोचीची तुतारी सैबेरियाची रहिवासी. थंडीत ती कुवेतला दिसते, तशीच आपल्या मॉरिशसच्या तेर रूज नदीमुखावरही येते. तेर रूजचे नाव त्याच यादीत २००१ पासून आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात तिला पोट भरावयास असा चिखलच लागतो. १९९१ च्या युद्धात आखातात अफाट तेल सांडले. भरावाने तर चिखल कायमचाच नाहीसा होतो. आपण ज्याला निरुपयोगी दलदल म्हणतो, ते तिचे ताट आहे. येत्या ऑक्टोबरनंतर मुलांना घेऊन तेर रूजला अवश्य जावे.